चाकापुढचा धोंडा

“धोंडा कुठंय? चाकाला लावायचा धोंडा कोनं नेला?” ट्रकच्या पलीकडून मुकादम ओरडत होता, आणि मी त्याच धोंड्यावर बसलो होतो.

आमच्या हळदीच्या गोदामाचा ओटा छातीइतका उंच. ट्रक मागून त्याला लागतो, मधल्या फटीवर फळी टाकतात आणि पाठीवर पोतं घेतलेला हमाल तिच्यावरून ट्रकमध्ये जातो. ट्रक पुढे सरकू नये म्हणून चाकापुढं धोंडा लावायचा. त्या दिवशी ते काम माझ्याकडं होतं. पण मी कुरुंद्याच्या एका बैलाची हकिगत सांगत होतो, ज्यानं शिंगावर अख्खी जीप उचलून नरसीपर्यंत नेली. असली हकिगत उभ्यानं सांगता येत नाही. ट्रक हातभर सरकला, फळी निसटली आणि वीस वर्षं माझ्यासोबत पोती वाहणारा जोडीदार पोत्यासकट खाली गेला. टाचेचं हाड मोडलं.

मुकादम वळसा घालून येईतो मी धोंडा चाकाजवळ लोटला होता.

“जमिनीला धक्का बसला,” मी म्हणालो. “पाळण्यावानी हालली.”

आमच्याकडं जमीन अधूनमधून गुरगुरतेच, त्यामुळं कुणी हसलं नाही. उलट दोघातिघांना तो धक्का आठवायला लागला. संध्याकाळपर्यंत मी त्यात डोंगरकडा गावातली एक विहीरसुद्धा आटवली.

मुकादमानं ते खरं धरलं, आणि तिथंच घात झाला.

“धक्का समद्यालाच बसला,” तो म्हणाला. “बाकीचे उभे राहिले, ह्योच पडला. पाय गेले त्याचे. आता फळीवर न्हाई घ्यायचा.”

एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं. तेव्हा मात्र मी खिशात नसलेली बिडी शोधत राहिलो.

प्लास्टर निघाल्यावर त्याच्या घरी गेलो. कामावर परत जायचं म्हणून तो भिंतीला धरून उंबऱ्यावर चढउतार करत होता. मला बघून खाली बसला.

“मुकादम म्हनतो पाय गेले,” तो म्हणाला. “मलाबी आता तसंच वाटून राहिलं.”

मग मी सांगितलं. धक्का नव्हता, धोंडा माझ्या बुडाखाली होता, तुझे पाय चांगले हायेत. एवढंच. जन्मात इतकी आखूड गोष्ट मी सांगितली नव्हती, आणि सांगताना त्याच्याकडं बघवत नव्हतं.

त्यानं टाच दाबून पाहिली.

“हे मला काहून सांगून राहिला? मुकादमाला सांग.”