सॅम्पल फ्लॅटमधले काका

गडब गावात मी फ्लॅट विकतो. तळमजल्यावरचा सॅम्पल फ्लॅट दर रविवारी सगळ्यांना बघायला उघडा असतो. गिऱ्हाइकांच्या आधी शेजारच्या भातशेतीवाले काका येतात. चपला दाराबाहेर काढतात आणि नव्या सोफ्यावर मांडी घालून बसतात. कुणी आलं की उठून उभे राहतात, स्वतःच्या गुडघ्याला हात लावतात. "पावसाल्यात पानी हितवर येतं." मग परत मांडी.

एकदा साहेबांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. काका म्हणाले, "सगल्यांनी या, असा बोर्ड लावलाय तुमी. मी सगल्यांत नाय?" जागचे हलले नाहीत.

या रविवारी ते आले नव्हते. एका बाईंनी मला विचारलं, "इथे पाणी भरतं का हो?" साहेब समोरच उभे होते. मी गुडघ्याला हात लावला.