खाडीत लावलेली गाडी

माझं माहेर शिरूरचं, घोडनदीच्या काठचं. सासर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठचं. दोन्हीकडे नद्या आहेत असं नकाशात दिसतं. प्रत्यक्षात आमच्याकडे उन्हाळ्यातली नदी म्हणजे धरणवाल्यांची मर्जी. वर कुणीतरी दार उघडतं तेव्हा खाली पाणी येतं. त्याला आवर्तन म्हणतात. आवर्तन सुटावं म्हणून निवेदनं द्यायची, पुढाऱ्यांच्या दारी चकरा मारायच्या, आणि सुटलं की ज्यानं सोडलं म्हणे त्याचे फ्लेक्स लावायचे. एरवी बंधाऱ्याखालचं कोरडं पात्र ही गावातली सगळ्यात सोयीची जागा. लग्नाला आलेल्या गाड्या आम्ही तिथंच लावतो.

माझे सासरे, आबा, या व्यवस्थेत मुरलेले. पाणी आपोआप येत नाही, कुणाच्या तरी सहीनं येतं, हे त्यांना देव आहे की नाही यापेक्षा जास्त ठामपणे माहीत आहे.

मुलगी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. कारेगावात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. कारेगावात हल्ली निम्मा देश भाड्यानं राहतो, त्यात कोकणातली मुलंही आलीच. एका रविवारी घरी आली, आणि मी भाजी निवडत असताना म्हणाली, "आई, कंपनीतला एक मुलगा आहे. मेंटेनन्सला. रत्नागिरीकडचा."

मी विचारायचं ते विचारलं. नोकरी पर्मनंट आहे का, दारू पितो का, स्वतःची भांडी घासतो का. पहिल्या दोन उत्तरांनी माझं समाधान झालं, तिसऱ्यानं मला संशय आला. जात जुळत होती, त्यामुळे निम्मे नातेवाईक बेकार झाले.

उरले आबा. आमच्या घरात निर्णय घ्यायची एक पद्धत आहे. नवरा म्हणतो, "आबांना विचार." आबा म्हणतात, "मला कोण इचारतंय." आणि मग आबा म्हणतील तसंच होतं.

"ऊस किती हाय त्यांचा?" आबांनी नातीला विचारलं.

"ऊस नाहीच आबा तिकडं. भात आणि आंबा."

"मंग रान किती?"

"थोडं आहे. गुंठ्यात."

"गुंठ्यात," आबा म्हणाले. कुणाच्या घरी मयत झाल्याची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला.

मुलीनं मला आत बोलावून सांगितलं की आबा नाही म्हणाले तर ती पळून जाणार नाही, पण दुसऱ्या कुणासमोर पोह्यांच्या बश्या घेऊन बसणारही नाही. ती क्वालिटीत आहे. एकदा रिजेक्ट म्हणाली की म्हणाली. तिचे आबाही त्याच मातीचे, त्यामुळे हे दोघे अडून बसले तर पोरगी जन्मभर कारेगावच्या खोलीत राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"बघून तर येऊ घर," आबा शेवटी म्हणाले. याचा अर्थ, नकाराला एखादं चांगलं कारण शोधून येऊ.

उसाचं गाळप संपून साखर कारखाना बंद झाला, तेव्हा कुठं आबांना सवड मिळाली. पाटसला हायवेला लागलो. नवरा गाडी चालवत होता, आबा त्याच्या शेजारी, आणि मी मागे पेढ्यांच्या खोक्यांबरोबर. गाडी नवी होती, नवऱ्यानं सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं. माझ्या पायांशी पिशवीभर नारळ होते. आबांनी ते दौंडच्या बाजारातून पारखून घेतले होते. कोकणात नारळ मिळतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "मिळत असत्याल," आबा म्हणाले, "पर आपलं ते आपलं." आमच्याकडे नारळाचं एक झाड नाही.

घाट उतरलो आणि आबांची पाहणी सुरू झाली.

"ही माती हाय का इटा?"

"लाल असते आबा इथली."

"आन् ह्यो उतार. ट्रॅक्टर हुबा तरी ऱ्हातो का?"

गाव म्हणजे डोंगर आणि खाडी यांच्या मध्ये उरलेली जागा. घरं जांभ्या दगडाची, एकाच्या डोक्यावर दुसरं. अंगणाला दगडाचा गडगा घातलेला, त्याच्यापलीकडे एकदम उतार. भाताची खाचरं परकराला ठिगळं लावावीत तशी. आबा प्रत्येक खाचराकडे बघून "हं" म्हणत होते. मी मनातल्या मनात ते "हं" नकारात जमा करत होते.

मुलाचे वडील रस्त्यावर येऊन थांबले होते. बारीक, शांत माणूस. म्हणाले, "गाडी हितंच देवळापाशी लावा."

देवळापाशी जागा अडचणीची, तिरकी. आबांनी खाली पाहिलं. खाडीच्या कडेला चांगलं ऐसपैस, घट्ट वाळूचं मैदान पसरलं होतं. अख्ख्या जिल्ह्यात आबांना पहिल्यांदाच काहीतरी सपाट दिसलं होतं.

"एवढं मोकळं रान पडलंय की खाली."

"तिथं नको आबा. पाणी येतं तिथं."

"आवर्तन चालू हाय का?"

मुलाच्या वडिलांना आवर्तन म्हणजे काय ते माहीत नसावं. पण मुलीच्या आजोबांना पहिल्या भेटीत उलटं कसं विचारायचं? "तसंच म्हणा," ते म्हणाले.

आबा खुलले. "आमच्याकडं आवर्तन सुटलं तरी कालव्याच्या टेलला पाणी पोचाया चार दिस लागत्यात. आपण च्या पिऊन निघायचं हाय. लाव रं तिथं."

नवऱ्यानं लावली. तो नेहमीच लावतो.

घरात कोकम सरबत झालं, चहा झाला, फणसाचे गरे झाले. आमचे नारळ मुलाच्या आईनं दोन्ही हातांनी घेतले आणि आत नेऊन ठेवले. ठेवताना मला कोपऱ्यातला नारळांचा ढीग दिसला. त्या माउलीनं पिशवी त्याच्यावर न ठेवता मुद्दाम वेगळी ठेवली, तेव्हाच मी तिला विहीण म्हणून मनात पास केलं. बाहेर आबा सुट्टी काढून आलेल्या मुलाला सातबाऱ्यावर नावं किती ते विचारत होते आणि मुलगा "बरीच आहेत" म्हणत होता.

तेवढ्यात खालच्या घरातून एक बाई ओरडली, "आवो, पावण्यांची गाडी आंगोळीला बसली नाय काय!"

आम्ही गडग्याकडे धावलो. मैदान नव्हतंच. नुसतं पाणी होतं, गुपचूप आलेलं, आणि गाडी दारांपर्यंत त्यात उभी. नवरा पँट वर करत खाली पळाला.

आबा गडग्याला हात टेकून बघत राहिले. "कुणी सोडलं?"

मुलाचे वडील जपून म्हणाले, "समुद्रानं, आबा. भरती हाय."

मला काळजी लागली ती गाडीची नाही. गाडीचा विमा होता. पण आता इथं एक माणूस जरी हसला, तरी आबांना हवं होतं ते कारण मिळणार होतं. 'माणसं चांगली न्हाईत,' असं ते गाडीत बसल्याबरोबर म्हणणार, आणि पुढे त्यावर चर्चा नाही.

वाडी खाली उतरली. कुणी कुणाला हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. होडीचे दोर आले, फळ्या आल्या, बायका लुगडी खोचून मागून लोटायला लागल्या. आबा धोतराचा सोगा हातात धरून गुडघाभर पाण्यात उतरले आणि "डावीकडनं घ्या, डावीकडनं" असं सांगू लागले. माणसं आदरानं माना हलवत होती आणि उजवीकडून ओढत होती. गाडी बाहेर आली.

हसलं कुणीच नाही. उलट मुलाची आई आबांची समजूत घालायला आली. "मनाला लावून घेऊ नका. मागं एक ट्रकवाला असाच लावून गेलता हितं. तो पण घाटावरचाच होता."

मी पदर तोंडात कोंबला. आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "शिरूरकडचा आसंल," ते म्हणाले.

गाडी काही सुरू होईना. मेकॅनिक तालुक्याहून येणार होता. तोवर देवळात जाऊन येऊ, असं मुलाच्या वडिलांनी सुचवलं. त्यांच्याकडे बोलणी करायच्या आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. म्हणजे गुरव देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला होकार भरतात. आबांनी ओलं धोतर पिळलं आणि निघाले. गाडी ओढणारी वाडीही तशीच मागोमाग आली.

"बा देवा म्हाराजा," गुरवानं सुरुवात केली, "आज ह्ये पावणे घाटावरनं तुझ्या पायाशी आल्येत."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"त्यांची गाडी पाण्यात ऱ्हायली, ती चालती कर."

"व्हय म्हाराजा."

यात आबांचा आवाज होता. मी चमकून पाहिलं, आणि मग उलगडा झाला. आबा साखर कारखान्याचे जुने सभासद. वार्षिक सभेला दरवर्षी मंडपात पुढच्या रांगेत बसतात. व्यासपीठावरून विषय वाचला जातो, खालून "मंजूर, मंजूर" होतं, दुसरा विषय वाचला जातो, पुन्हा "मंजूर", आणि सगळे जेवायला उठतात. कशाला मंजुरी दिली हे विचारणं शिष्टाचारात बसत नाही. इतक्या वर्षांची सवय. वरून कुणी सुरात वाचायला लागलं की आबांचा गळा आपोआप सुटतो.

"काय चूकभूल झाली आसंल, ती पोटात घाल."

"व्हय म्हाराजा." आता आबा सगळ्यांच्या वर.

"आन् ह्या पोराचं नि पावण्यांच्या पोरीचं लगीन तुझ्या साक्षीनं निर्विघ्न पार पडू दे."

"व्हय म्हाराजा," आबा म्हणाले. बाकीचे त्यांच्यामागून म्हणाले.

मुलाच्या वडिलांचे जोडलेले हात तसेच राहिले. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मुलाची आई हळूच मागच्या मागे निघून गेली. जेवायला किती भात लागेल हे तिला आता कळलं होतं.

बाहेर आल्यावर मी आबांना गाठलं. "आबा, गुरव काय म्हणाले ते नीट ऐकलंत ना?"

"मी काय भैरा हाय?"

"मग ते गुंठ्याचं..."

"भर सभेत मंजूर झालंय," आबा म्हणाले. "एवढ्या लोकांनी ऐकलंय. आता मागं फिरतो का मी?" आणि दोर गुंडाळायला खाली निघालेल्या माणसांकडे बघत राहिले. त्यांचे आभार मानायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे मला दिसत होतं. आभारांऐवजी त्यांनी देवळात होकारच देऊन टाकला होता, सवयीनं की समजून, ते मी विचारलं नाही. मला होकार हवा होता, खुलासा नव्हे.

मुलीचा फोन आलाच. मी तिला घडलेलं सांगत होते, तेवढ्यात आबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"हां. बघितलं घर," ते तिला म्हणाले. "माणसं बरी हायेत. पर एक ध्यानात ठेव, लगीन आपल्याकडंच लागंल. हितं गाडी लावाया जागा न्हाई."