उंदरांचं आजोळ

मुलांनो, तुमची आत्या विस्मरणावरच्या एका औषधाची उंदरांवर चाचणी घेते, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या आठवड्यात ती इंदिरानगरला माझ्याकडे आली आणि चहाला हातही न लावता लॅपटॉप उघडून बसली. औषध दिलेल्या उंदरांना पाण्याच्या टाकीतला झेंडा लावलेला पाट सापडत नव्हता. औषध न दिलेले मात्र झेंडा दिसला की पोहत थेट पाटावर जात. औषधाने डोळे गेले, असं पत्र तिने प्रयोगशाळेतल्या तिच्या सरांसाठी लिहून ठेवलं होतं. ते गेलं की तिचं काम कायमचं बंद पडणार होतं.

मी विचारलं, "दोन्हीकडचे उंदीर एकाच घराण्यातले ना?"

"आई, स्थळ बघतेयस का त्यांच्यासाठी?"

"तुझ्या वेळी मुलाच्या आजोळी चष्मा कुणाकुणाला आहे, इथपर्यंत चौकशी केली होती मी."

ती हसली नाही. औषध दिलेले उंदीर नव्या तुकडीतले होते, बाकीचे जुन्या. सगळेच पांढरे, म्हणून तिने वेगळी चौकशी केली नव्हती. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जनुकांची माहिती देणारं एक संकेतस्थळ आहे. तिथे तिने नव्या तुकडीतल्या उंदरांच्या वाणाचं नाव टाकलं. पान उघडलं. मग मी चष्मा लावून वाचलं. या वाणात जन्मतःच दोष असतो आणि आईचं दूध सुटेपर्यंत पिल्लं आंधळी होतात.

"म्हणजे औषधाने नाही," ती हळूच म्हणाली.

पहिलं पत्र पुसून तिने दुसरं लिहिलं: चूक माझी आहे, चाचणी पुन्हा घ्यावी लागेल.

"सर खूप रागावतील गं."

"रागावू देत. पाठव."

तिने पाठवलं आणि गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.