तात्या आणि सुरयांचा खडक

तात्या परुळेकर आमच्या खडकावर प्रथम आले त्या सकाळी मी टोपली घेऊन अंडी गोळा करत होतो. मी दीपगृहावर मदतनीस होतो. नवे मुख्य रखवालदार येणार, त्यांचे पहिले जेवण बरे व्हावे, एवढाच हेतू. मालवणच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या त्या खडकावर दीपगृहाखेरीज काही नव्हते. उन्हाळ्यात मात्र सुरया येत. कबुतराहून सडपातळ, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा हा समुद्रपक्षी घरटे बांधत नाही. उघड्या कातळावर अंडे घालतो. तात्यांनी होडीतून उतरताच टोपलीत पाहिले आणि म्हणाले, "जयसून आणलंस, थंय नेवन ठेव."

"सगळी सारखीच दिसतत," मी म्हटले.

"तुका दिसतत. पाखराक नाय."

मी उन्हात वाकून अंडी परत ठेवू लागलो. थोड्या वेळाने पाहिले तर तात्याही सदरा काढून शेजारी वाकले होते. ही आमची पहिली ओळख.

तात्यांच्या कारकिर्दीत दिवा कधी विझला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या घरचे माणूस बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळले, तेव्हा पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या होडीने त्यांनी मला गावी पाठवले आणि माझ्या पाळ्या स्वतः केल्या, हे मात्र ते कोणाला सांगत नाहीत. समुद्र निवळल्यावर मी परतलो, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "बरी आसा मा ती?"

आता खडकाविषयी. तात्यांच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या चुकीची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. मी तात्यांना विचारूनच लिहितो आहे. "लिव, पण पुरा लिव," असे ते म्हणाले.

एका पावसाळ्याच्या तोंडावर तांदळाचा एक पडाव आमच्या खडकावर फुटला. खलाशी वाचले, तसे पडावातले उंदीरही वाचले. त्यापूर्वी खडकावर उंदीर नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात कातळभर फुटकी टरफले पसरली. खात्याने विषाची पूड पाठवली. पण आम्ही पीत होतो ते टाकीत साठवलेले पावसाचे पाणी. विष खाल्लेला उंदीर त्यात पडला तर काय, या विचाराने तात्यांनी पूड तशीच परत केली आणि मालवणहून हाऱ्यातून मांजरांची जोडी आणवली. सर्वांनी त्यांच्या युक्तीची वाखाणणी केली. मीही केली.

उंदीर संपत आले. मांजरांची पिल्ले मात्र वाढली, माणसाला बुजू लागली, कपारींत राहू लागली. सुरया अंड्यावर बसल्या की जागेवरून सहसा हलत नाहीत. एका पहाटे दिवा मालवून खाली आलो, तर तात्या अंड्यावरच्या मादीच्या पिसांच्या ढिगाशी उभे होते.

"उंदीर अंडी खायत रे," ते म्हणाले. "मांजरा आवशीकच खातत."

त्यानंतर त्यांनी उसंत म्हणून घेतली नाही. पिंजऱ्यात सापडतील ती मांजरे किनाऱ्यावर पाठवली. होडीवाला कुरकुरे, "तात्यानू, माझी होडी काय मांजरांची एस्टी?" राहिलेली पिंजऱ्याकडे फिरकत नव्हती. त्यांना मारण्यावाचून उपाय नव्हता, आणि मांजर मारल्याचे पाप आपल्याकडे केवढे मानतात, ते वाचकांना सांगायला नको. सोन्याचे मांजर दान दिले तरी ते फिटत नाही, असे आमच्या गावचे भटजी सांगत. तात्यांनी ठासणीची बंदूक मिळवली आणि माझ्याकडे पाहिले.

"तात्या, माका ह्या जमाचा नाय," मी म्हटले.

त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. स्वतः नेम धरत आणि त्या दिवशी जेवत नसत. प्रायश्चित्ताचा विषय निघाला की म्हणत, "पाखरा येवंदेत, मगे बघू."

ते निवृत्त झाले तेव्हा एक मांजरी उरली होती. तोवर सुरयांचा थवा मूठभर राहिला होता. थवा यायचा, खडकावर घिरट्या घालायचा आणि न उतरता निघून जायचा. गेल्या उन्हाळ्यात तोही आला नाही. तात्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे, हात कापतात. मी सुटीवर आलो की घरचे क्षेमकुशल विचारण्याआधी ते विचारतात, "थंय काय आसा?" मी सांगायचो, "एक मांजर आसा."

त्यांची एकसष्टी ठरली तेव्हा मी गावच्या देवीपुढे उभा राहिलो. गाऱ्हाणे घालणारा गावासाठी मागतो. मी तेवढे एकच मागितले की, मांजरांच्या पापातला तात्यांचा वाटाही माझ्या माथी घाल. मग तात्यांच्या घरून बंदूक मागून घेतली. त्यांनी काही न विचारता ती दिली.

तात्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि दृष्टीही लाभो. सुरया पुन्हा येतील की नाही, हे देवीलाच ठाऊक. आल्याच, तर त्या उतरताना तात्यांनी पाहाव्यात, एवढे दिवस देवीने त्यांना द्यावेत.

हा लेख छापायला देण्याआधी मी बंदूक परत द्यायला गेलो. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला.

"मांजर नाय, तात्या," मी सांगितले. "पाखरूय नाय अजून. पण कातळ मोकळो आसा."