तीन स्टार, दोन स्टार आणि हळद

मंडळी, बहिणीचं लग्न सांगलीत आहे. आटपाडीहून येणाऱ्या वऱ्हाडाला आदल्या दिवशी हॉटेलात उतरवायचंय, म्हणून आज वडील आणि मी कुंडलहून हॉटेलं बघायला गेलो.

माझं थ्री स्टारच ठरलं होतं. एसी, लिफ्ट, पांढऱ्याशुभ्र चादरी. उत्साहाच्या भरात हॉटेलच्या वेबसाइटवरचे लॉबीचे फोटो मी कालच नवरदेवाला पाठवलेले.

वडिलांनी तिथं एकच विचारलं, "सकाळी हळद हाय. पोरं हळदीच्या अंगानं आंघोळीला खोलीतच येणार. चालंल न्हवं?"

मॅनेजर म्हणाला, "सॉरी सर, चादरी-टॉवेल खराब होतात."

मग टू स्टारमध्ये गेलो. लिफ्ट नाही, लॉबी म्हणजे दोन खुर्च्या. वडिलांचा प्रश्न तोच. मालकीणबाई हसल्या. "आवं, लग्नसराईत आमी पांढरी चादर घालतच न्हाई. आंघोळीला गरम पाणी मागच्या अंगणात बी काढून देतो."

वडिलांनी तिथल्या तिथं खोल्या पक्क्या केल्या. बाहेर येऊन मला म्हणाले, "हळदीला भिणाऱ्या हॉटेलात वऱ्हाड कशाला उतरवायचं रं?"

पटलं मला. पण नवरदेवाकडची मंडळी अजून त्या लॉबीच्या फोटोंना अंगठे देतायत. एक स्टार कुठं गेला, असं त्यांनी विचारलं तर काय सांगू?