तिसरं लुगडं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. ज्या मैत्रिणीचा कॅमेरा वापरला ती शबनम आजही ईदेला डबा पाठवते, तिलाही नाही. विसरले होते म्हणून नव्हे. कुठून सुरुवात करायची ते ठरत नव्हतं, आणि न ठरणं माझ्या सोयीचं होतं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी महाडच्या एमआयडीसीत कॅन्टीन चालवते. पहिल्या पाळीचा चहा, दुसऱ्या पाळीचं जेवण. माझ्याकडच्या बायका म्हणतात, ताईंना सगळं चालतं, पण कालची भाजी आज वाढलेली चालत नाही. खरं आहे. शिळं ताजं म्हणून वाढायचं नाही — माझ्याकडे नियम असा एवढाच. तो मी कुठे शिकले, हे त्यांना माहीत नाही.

तेव्हा मी महाडलाच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दोन हजारनंतरची मधली वर्षं. मोबाईल आले होते, डोंगरात रेंज आली नव्हती. सकाळी कॉलेज, दुपारी दोन मुलींची शिकवणी, संध्याकाळी लाइट असली तर अभ्यास. आणि रविवारी कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं काम. कॉलेजने पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी दत्तक घेतली होती. बाकीची मुलं शिबिरापुरती आली, फावडी धरून फोटोत उभी राहिली आणि गेली. मी जात राहिले. एस.टी.ने पोलादपूर, तिथून जीपने फाटा, मग चढण. वर जाऊन म्हाताऱ्या माणसांना गोळ्या समजावून द्यायच्या, मुंबईचा निरोप सांगायचा, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर योजनेच्या सरांना सांगून गाडीची सोय करायची. सोमवारी कॉलेज सुटलं की डेपोसमोरच्या सायबर कॅफेत बसून त्याबद्दल ब्लॉग लिहायचा. ‘दर रविवारी, वाडीतून’ असं मी त्याच्या डोक्यावरच लिहिलं होतं. एकही रविवार चुकला नव्हता. मला त्याचा फार अभिमान होता — किती, ते पुढे कळेल.

ब्लॉग वाचायचं कोण? सुरुवातीला शबनम आणि सर. मग मुंबईहून मारुतीदादाचं उत्तर आलं. तो वाडीतल्या भागीआजीचा एकुलता मुलगा, फोर्टातल्या एका ऑफिसात शिपाई. साहेब जेवायला गेले की तो कॉम्प्युटरवर माझा ब्लॉग उघडायचा, छापून घ्यायचा आणि करी रोडला गावकीच्या खोलीत भिंतीला चिकटवायचा. वाडीतले सगळे पुरुष त्या खोलीत राहायचे. कामावरून आले की आधी तो कागद वाचायचे — कुणाची गाय व्याली, कुणाच्या घराचं कौल सरकलं, कुणाची आई कशी दिसते. विचार करा, विशीच्या मुलीला असे वाचक मिळाले तर तिचं काय होईल?

वाडीच्या वरच्या आळीत दोनच घरांतून धूर निघायचा. एक भागीआजीचं, दुसरं सुंदराकाकीचं. बाकी सगळ्या घरांना कुलपं, आणि सगळ्या कुलपांच्या किल्ल्या सुंदराकाकीकडे. तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक लांब खिळा होता, त्यावर किल्ल्यांचा घोसच असायचा. शिमगा-गणपतीच्या आधी ती एकेक घर उघडायची, झाडायची, सारवायची, पाण्याचा हंडा भरून ठेवायची. मुंबईकर उतरले की आधी तिच्या दारात. विधवा बाई, मूलबाळ नाही. वाडीत तिला जी काही जागा होती, ती त्या खिळ्यावर होती.

त्या वर्षी शिमगा आटोपून मुंबईकर परत गेले आणि माझी परीक्षा तोंडावर आली. कॉस्टिंग मला झेपत नव्हतं. रविवार गेला की अख्खा दिवस जायचा. मग मी एक युक्ती केली. तेव्हा ती मला हुशारीची वाटली, आजही सुचली तर हुशारीचीच वाटेल — हीच तिची भीती आहे.

एका रविवारी शबनमच्या भावाने कुवेतहून आणलेला कॅमेरा घेऊन मी वर गेले आणि भागीआजीचे तीन फोटो काढले. एक उंबऱ्यात, एक गोठ्यापाशी, एक ओटीवर सुपासमोर. तीन जागा, तीन लुगडी. म्हणजे तीन आठवड्यांची सोय. आजीकडे धड लुगडी दोनच. तिसरं, हिरवं, सुंदराकाकीने आपलं काढून दिलं. नेसवताना दोघी हसत होत्या.

“काय गो, लगीन हाय काय माजं?” आजी म्हणाली. “घडीघडी लुगडं बदलतंय.”

“नवरा कुठाय पण?” काकी म्हणाली. “आधी नवरा दाखव, मग फोटू काढ.”

“तो वर जाऊन बसलाय. त्याला काय सांगू, बायको हिरव्यात हाय म्हणून?”

मग काकीने मला विचारलं, एवढे फोटो कशाला? मी सांगितलं, परीक्षा आहे, एखाद्या रविवारी अभ्यासामुळे जमलं नाही तर असावेत. एखाद्या — असं म्हटलं होतं मी. काकी म्हणाली, “अभ्यास कर बाय. आमी कुठं जातंय?”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, उंबऱ्यातला फोटो लावला. पुढच्या रविवारी मी गेले नाही. सोमवारी गोठ्यापाशीचा फोटो लावला आणि खाली लिहिलं: काल आजी गोठा झाडत होती, मला बघून म्हणाली, उशीर केलास. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले नाही. सोमवारी ओटीवरचा फोटो लावला. हिरवं लुगडं, पुढ्यात सूप, तोंडभर हसू. खाली लिहिलं: आजीची तब्येत उत्तम, मेमध्ये मारुतीदादा आला की फणस खायला घालणार आहे. अर्ध्या तासात लिहून झालं. नंतर घरी येऊन कॉस्टिंगची दोन गणितं सोडवली. दोन्ही बरोबर आली.

गुरुवारी भागीआजी गेली.

परीक्षेच्या हॉलबाहेर सरांनी सांगितलं. आता खरं सांगू? माझ्या मनात पहिली आजी आली नाही. पहिला आला तो फोटो.

काय झालं होतं ते मला नंतर, तुकड्यातुकड्याने कळलं. मी फोटो काढून उतरले त्याच आठवड्यात आजीला ताप भरला. मग एक अंग लुळं पडलं. सुंदराकाकी तिला चमच्याने पेज पाजत होती, कुशीवर वळवत होती, अंथरूण धूत होती. खाली उतरवायला वाडीत हातपाय धड असलेला पुरुष नाही. काकीने ठरवलं, आयतवारी पोर येईल, ती गाडीचं बघेल. आयतवार गेला. मग ती फाट्यावर उतरली आणि दुकानातल्या डब्यात रुपया टाकून तिने मारुतीदादाच्या ऑफिसात फोन लावला. आई सिरीयस आहे, निघून ये.

आता ‘आई सिरीयस’ म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईच्या माणसाला रजा मिळत नाही, म्हणून गावाकडून तसा निरोप धाडायचा; आधी तार होती, मग फोन. गावकीची बैठक असली की आई सिरीयस. शेताच्या बांधाची मोजणी असली की आई सिरीयस. मारुतीदादाची आई आदल्या वर्षभरात दोनदा सिरीयस झालेली होती. शिमग्याला त्याची रजाही संपली होती. तो म्हणाला, सोमवारी ब्लॉग येईल, बघतो. सोमवारी त्याने बघितलं. आजी ओटीवर बसून हसत होती.

तो निघाला नाही. मंगळवारी काकीने पुन्हा फोन केला, तर त्याने तिलाच ऐकवलं — “काकी, माझ्यासमोर फोटो आहे कालचा. उगाच माझी नोकरी घालवू नको.”

कालचा.

हे इथवरचं मी कुणाला सांगू शकले असते, असं मला कधीकधी वाटतं. मूर्खपणा होता, मुलगी लहान होती, असं लोक म्हणाले असते. पण मी सांगायला बसले आहे ते हे नाही. ते पुढे आहे.

दिवसकार्याला सर आणि मी वर गेलो. अंगणात मुंबईकर बसले होते, खालच्या वाडीतले म्हातारे कडेला. मारुतीदादा खांबाला टेकून उभा, हातात तो छापलेला कागद. डोळे सुजलेले. समोर सुंदराकाकी, एकटी. तोवर बोलणं बरंच पुढे गेलं होतं. रविवारी धडधाकट बाई, गुरुवारी खलास — मधल्या दिवसांत हिने केलं काय? औषध नाही, माणूस नाही. आणि आता सांगते, दोन आठवडे अंथरुणात होती! कुणीतरी मागून म्हणालं, हिचा हात चांगला नाही, हिचाही नवरा असाच गेला होता. खालच्या वाडीतले म्हातारे जमिनीकडे बघत होते. त्यांनी वर चढून कधी बघितलंच नव्हतं. आमाला काय ठावं, म्हणाले.

काकीने मला बघितलं आणि तिचा चेहरा निवळला. सुटका झाल्यासारखा. तो चेहरा मी कुठे ठेवू?

“हिला इचारा,” ती म्हणाली. “ही पोर दोन आयतवार आली नाय. फोटू आदीचा हाय. लुगडं माजं हाय, मीच दिलं त्या दिशी. सांग गो.”

अंगण माझ्याकडे वळलं. सर माझ्याकडे बघत होते. मारुतीदादाने कागद पुढे केला आणि हळूच विचारलं, “ताई, तू रविवारी आली होतीस ना?”

तिन्ही कागद शेजारी ठेवून कुणी नीट बघितलं असतं, तर तिन्हींत ऊन एकाच दिवसाचं आहे, हे कळलं असतं. पण कुणी बघत नव्हतं. मी शिकलेली होते. माझं कागदावर छापून आलेलं होतं. काकीकडे एक लुगडं होतं.

मी म्हटलं, “हो. आले होते.”

“आणि हे लुगडं?”

“ते मला नाही माहीत.”

काकी ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मला वाटतं मी मोडले असते — की हेही मी माझ्यासाठीच रचलं आहे? ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून आत गेली आणि आलेल्या माणसांच्या चहासाठी चुलीत लाकडं सारली. तो चहा कुणी घेतला नाही. मीही नाही.

निघताना मारुतीदादाने मला बाजूला घेतलं. त्या दिवशी आई काय बोलली, ते त्याला ऐकायचं होतं. आणि मी सांगितलं. जागच्या जागी रचून सांगितलं — म्हणाली, मारुतीला सांग, वेळेवर जेवत जा. तो तोंडात रुमाल कोंबून रडला. त्या सोमवारी मी आजीवर लिहिलं. त्याला आले तेवढे अभिप्राय मला आधी कधीच आले नव्हते. मी ते एकेक करून वाचले.

मे महिन्यात मुंबईकर आले, तेव्हा एकेकाने आपली किल्ली काढून नेली. भांडण नाही, शब्द नाही. काकी, किल्ली द्या जरा — एवढंच. गणपतीला मी शेवटची वर गेले होते. चुलीवरचा खिळा मोकळा होता. त्याच्यामागे भिंतीवर किल्ल्यांच्या आकाराची पांढरी जागा राहिली होती. बाकी सगळी भिंत धुराने काळी. पुढे मी अभ्यासाचं कारण सांगून सेवा योजना सोडली. ब्लॉगही बंद केला. मला वर्षाची उत्कृष्ट स्वयंसेविका म्हणून प्रमाणपत्र मिळालं, ते आईच्या कपाटात आहे.

काकी अजून आहे. वाकली आहे, पण आहे. वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी पोलादपूरच्या स्टँडवर दिसते, डोक्यावर कसलीतरी मोळी नाहीतर टोपली. मी चुकवायचा प्रयत्न करते. तरी ती गाठते आणि दरवेळी एकच विचारते. आवाजात राग नसतो, टोमणाही नसतो, निदान मला सापडत नाही.

“अभ्यास झाला का गो?”

मी म्हणते, झाला. ती मान हलवते आणि जाते.

मारुतीदादा आता निवृत्त होऊन गावी आला आहे. वेळेवर जेवतो, आईची आज्ञा आहे, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. त्याच्या ओटीवर तो फोटो मोठा करून लावला आहे, हार घालून. भागीआजी हसते आहे, आणि अंगावर सुंदराकाकीचं हिरवं लुगडं आहे. दोघांच्या घरांमध्ये दगडांचा एक बुटका गडगा आहे. तो तिच्याकडे बघत नाही.

फोटो त्या रविवारचा नाही. लुगडं भागीआजीचं नाही. काकी खरं बोलत होती. मी आले नव्हते.