पाचपायी घोडा आणि न उलटलेलं पान

डॉ. मुनीर देशमुखांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझं तोंड उघडं होतं. गौरवग्रंथात असं लिहावं की नाही, ठाऊक नाही. पण संपादकांनी ‘प्रथम परिचयापासून सुरुवात करा’ असं बजावलं आहे आणि आमचा प्रथम परिचय अक्कलदाढेचा आहे. मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करत असे. दाढेनं रडकुंडीला आणलं म्हणून सिटी चौकाजवळच्या त्यांच्या दवाखान्यात गेले. नंबर लागेपर्यंत चाळायला तिथं सिनेमाची मासिकं नव्हती, जुनी कॉमिक्स होती. त्यातला ‘काळा घोडेस्वार’चा एक अंक मी वाचून काढला आणि खुर्चीत बसल्याबरोबर सांगितलं, “डॉक्टर, तुमची ती प्रत सदोष आहे. एका चित्रात घोड्याला पाच पाय आहेत.”

डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. माझ्याकडे असं पाहिलं की दाढ क्षणभर दुखायची थांबली.

“बेटा, इत्ते लोग आते यहाँ. तो पाय कुणाला दिसला नाय. आता उघड तोंड. अन् रविवारी ये.”

रविवारी गेले तेव्हा कळलं की तो पाय म्हणजे त्या पुस्तकाचा जन्मदाखला आहे. चित्रकारानं घाईत एक पाय जास्त काढला, तेच चित्र मालिकेच्या प्रत्येक अंकात वापरलं गेलं, दुसऱ्या छपाईत कुणीतरी तो पाय खोडला. म्हणून पाच पायांचा घोडा म्हणजे पहिली आवृत्ती. आमच्या मंडळात तिला ‘पाचपायी’ म्हणतात. आयुष्यभर दोष शोधून माल परत पाठवणाऱ्या मला पहिल्यांदाच असं घर सापडलं जिथं दोषाला पाट मांडला जात होता. मी तिथली झाले ती झालेच.

हे मंडळ म्हणजे डॉक्टरांचा रविवारचा दरबार. त्याचे रिवाज बाहेरच्याला वेडेपणाचे वाटतील. ज्याला काही माहिती सांगायची असेल त्यानं दातांच्या खुर्चीवर बसायचं. डोक्यावरचा दिवा लागतो. कॉमिक हत्यारांच्या ताटलीत ठेवलं जातं, आणि डॉक्टर तोंडात घालायचा तो छोटा आरसा घेऊन पुस्तकाच्या टाचण्यांचा गंज, रंगांचे ठिपके, कागदाची कड पाहतात. पुराव्याशिवाय बोलणाऱ्याला ते फक्त “गुळण्या करा” म्हणतात. बस. मोठमोठे वाचाळ त्यावर गप्प झालेले मी पाहिले आहेत. भिंतीवर एकच पाटी आहे : ‘ज्यानं वाचलं नाही त्याला शेवट सांगणाऱ्याची दाढ काढली जाईल.’

त्यांच्या नजरेपुढे मी कायम थक्क होत आले आहे. काळा घोडेस्वार सुरुवातीच्या अंकांत चक्क निळा आहे. आम्ही त्यावर मोठमोठे अर्थ काढत बसलो होतो. डॉक्टरांनी एक जुना अंक उघडला, समोरासमोरची दोन पानं दाखवली आणि म्हणाले, “काळी शाई वाळत नव्हती. समोरच्या पानाला लागायची. छापणाऱ्यानं निळी वापरली. इतकंच.” एकदा त्यांनी फुग्यांमधली अक्षरं महिनोन्‌महिने तपासली आणि सांगितलं की मधल्या अंकांची अक्षरं लिहिणारा माणूस बदलला आहे, आणि नवा माणूस डावखुरा आहे, कारण त्याच्या ओल्या शाईवरून हात उजवीकडे फिरल्याच्या खुणा आहेत. त्या माणसाचं नाव कुठंही छापलेलं नाही. डॉक्टर खुर्चीवरून उतरले नि म्हणाले, “नाव नाय छापलं म्हणून माणूस नव्हता असं होतं का? उठा सगळे.” आम्ही उभे राहिलो. एका अनामिक डावखुऱ्यासाठी दातांच्या दवाखान्यात सगळे उभे! कुणाला हसू आलं नाही. माझ्या तर डोळ्यांत पाणी होतं.

त्यांच्या दवाखान्याची कीर्ती मात्र वेगळ्याच कारणानं आहे. दाढेचं काम एका बैठकीत होत नाही आणि पोरं दुसऱ्या बैठकीला फिरकत नाहीत. डॉक्टर पहिल्या दिवशी कॉमिक वाचायला देतात. शेवटच्या पानांना स्टीलची क्लिप लावलेली असते. “पुढचं पुढच्या वेळी,” म्हणतात. पोरं आयांना ओढत घेऊन येतात. माझ्या भाचीनं तर क्लिप काढायला मिळावी म्हणून न दुखणारा दातही दुखतो असं सांगितलं होतं.

पण दुसऱ्यांना शेवटाच्या ओढीनं बोलावणाऱ्या या माणसाला स्वतःला एक शेवट ठाऊक नव्हता.

डॉक्टरांचा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा, पिशोर गावातला. वडील निजामाच्या राजवटीत उर्दूत दप्तर लिहिणारे कारकून. राजवट गेली, हळूहळू दप्तर मराठीत आलं. त्यांना मराठी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. पिशोरच्या बाजारात रद्दीच्या ढिगात त्यांना ‘काळा घोडेस्वार’चा एक अंक मिळाला. चित्रावरून अर्थ लागायचा, अर्थावरून अक्षर. बापलेक रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तो वाचत. बाप त्यातून मराठी शिकला आणि नोकरीत टिकला. त्या अंकाचं शेवटचं पान नव्हतं. रद्दीवाल्यानं त्यात कुणाला तरी शेंगा बांधून दिल्या असतील. घोडेस्वार किल्ल्याच्या बंद दाराशी पोचतो आणि पुस्तक संपतं. मग वडील रोज आपल्या मनानं शेवट सांगत. रोज वेगळा. पुढं घर बदलताना तो अंकही गेला. डॉक्टर त्याच्या शोधात म्हातारे झाले. आमच्यापैकी कुणीही तो अंक पाहिला नव्हता.

मागच्या वर्षी डॉक्टरांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्याचं निघालं. शस्त्रक्रिया करायलाच हवी, असं सांगितलं गेलं. ते नाही म्हणाले. दुसऱ्यांच्या तोंडात बेधडक हत्यार घालणारे डॉक्टर स्वतःच्या छातीला हात लावू देईनात. डॉक्टरांच्या पत्नीचा, भाभींचा, मला फोन आला, “आमचं ऐकत नाय ते. तुमच्या मंडळाचं ऐकतील. कुछ तो करो.”

त्याच आठवड्यात पैठणहून रंगनाथ साळवे आले. एसटीतून निवृत्त झालेले हे आमचे मंडळकर. पिशवी उराशी धरलेली. एका पैठणी विणणाऱ्याच्या घरी, हातमागाखालच्या कागदांत, त्यांना तो अंक मिळाला होता.

“ताई, पाचपायी हाय. बघितला मी पाय. अन् किल्ल्याचं बंद दार बी.”

“आणि शेवटचं पान?”

“हाय. बोटाला लागलं. पर उलटलं नाय. साहेबांच्या आधी म्या कसं बघावं?”

पैठणपासून शहरापर्यंत मांडीवर तो अंक घेऊन बसलेला माणूस, आणि पान उलटत नाही! डॉक्टरांनी आम्हाला काय शिकवलं, याचा याहून मोठा दाखला मला देता येणार नाही.

आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. अंक पाहून डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे केले. मी तो त्यांच्या हातात दिला नाही. त्यांच्याच दवाखान्यातली क्लिप त्यांच्यादेखत शेवटच्या पानाला लावली आणि म्हटलं, “पुढचं पुढच्या वेळी. आधी ऑपरेशन.”

ते भाभींना म्हणाले, “देखो, मेरीच दवा मुझेच पिला रही.” आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात भरती झाले. ऑपरेशनसाठी ते आत होते तेवढा वेळ मी तो अंक छातीशी धरून बाहेर बसले होते. मला फार भीती वाटत होती.

ते परत आले. चालायला लागले, आणि एका रविवारी आपल्या खुर्चीवर बसले. दिवा लावला. अंक पहिल्यापासून वाचला, अगदी मोठ्यानं, वडिलांना वाचून दाखवत असावेत तसा. घोडेस्वार किल्ल्याच्या दाराशी आला. डॉक्टरांनी क्लिपवर बोट ठेवलं आणि अंक मिटून माझ्याकडे दिला.

“राहू दे बेटा. अब्बांनी लई शेवट सांगितले. हा खरा कळला की ते सगळे खोटे पडतील. शंभरीला बघू.”

साळव्यांनी डोळे पुसले. मी अंक तसाच पिशवीत घातला.

आज साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. अशा वेळी दीर्घायुष्य चिंतावं अशी रीत आहे, आणि मी ते अगदी मनापासून चिंतते. पण नुसतं चिंतून स्वस्थ बसणाऱ्यांतली मी नव्हे. साहेब, तो अंक माझ्या कपाटात आहे आणि क्लिप पक्की आहे. तब्येत सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या, रविवार चुकवू नका. शंभरीला खुर्चीवर तुम्ही बसा, दिवा मी लावीन. तोवर ते पान कुणालाही उलटू देणार नाही.